ठाणे खाडीतले कुरव ओळखताना: डोकं सोडा, पंखाचं टोक बघा

वाशीच्या पुलाखाली, ऐरोलीच्या खाडीत किंवा दिवाळ्याच्या बंदरात हिवाळ्यात जे पांढरे पक्षी दिसतात त्यांना आपण सरसकट ‘सीगल’ म्हणून मोकळे होतो. मराठीत ते कुरव. पण हे सगळे एका जातीचे नसतात. या पट्ट्यात नवख्या माणसाच्या दुर्बिणीत येऊ शकतील असे लहान कुरव तीन: काळ्या डोक्याचा, तपकिरी डोक्याचा आणि बारीक चोचीचा. मोठ्यांमध्ये पल्लासचा कुरव आणि गडद राखाडी पाठीचा ह्यूग्लिनचा कुरव, शिवाय ह्यूग्लिनचा फिकट भाऊबंद असलेला स्टेप कुरव. यापलीकडचा एखादा दुर्मीळ पाहुणा कधीमधी येतोही, पण पहिल्या दोन-तीन हिवाळ्यांत त्याच्या मागे लागू नये.

पुस्तक उघडलं की पहिली फसगत डोक्यापाशी होते. चित्रातल्या काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं गडद चॉकलेटी, तपकिरी डोक्याच्याचं त्याहून फिकट. मग तुम्ही डिसेंबरातल्या रविवारी जेटीवर जाऊन दुर्बीण लावता आणि समोरच्या सगळ्या थव्यात एकाचंही डोकं काळं नसतं की तपकिरी नसतं. पांढरंच असतं, फार तर कानापाशी एक काळसर ठिपका. ती गडद टोपी असते विणीच्या हंगामातली. हे पक्षी आपल्याकडे येतात ते वीण उरकून, टोपी उतरवून. ती पुन्हा चढायला लागते फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे परतीची वेळ जवळ आल्यावर. त्यामुळे खाडीतल्या त्यांच्या मुक्कामात बराच काळ नावावरून काहीच कळत नाही. म्हणून इथे डोक्याचा रंग मुद्दाम शेवटी ठेवला आहे.

निघायचं कधी

ऑक्टोबरच्या शेवटापासून कुरव यायला लागतात, नोव्हेंबर ते फेब्रुवारी भर असतो आणि एप्रिलपर्यंत बहुतेक निघून जातात. पण महिन्यापेक्षा महत्त्वाचं आहे पाणी. पूर्ण ओहोटीला खाडीत गाळाचं मैदान उघडं पडतं आणि पक्षी त्यावर इतक्या लांब पांगतात की दुर्बिणीतूनही नुसते पांढरे ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला बसायला जागा उरत नाही, मग ते पाण्यावर तरंगतात किंवा उडून दुसरीकडे जातात. हवी ती मधली वेळ. पाणी चढत असताना, पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी, गाळाच्या पट्ट्या एकेक करून बुडतात आणि पक्षी काठाकडे सरकत येतात.

ही वेळ काढायचा कोळीवाड्यांतला जुना हिशेब आजही चालतो. तिथीची पाऊणपट करा, जो आकडा येईल तितक्या वाजता पाणी पूर्ण भरतं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा जवळपास तोच आकडा आणि ओहोटी त्याच्या साधारण सहा तास मागे-पुढे. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. खाडीत आत, ऐरोली-ठाण्याकडे, पाणी थोडं उशिरा पोचतं. मोबाईलवर मिनिटागणिक कोष्टकं मिळतात, पण भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघून पुढच्या आठवड्याचा बेत ठरवता येतो ही सोय वेगळीच. द्वादशीपासून पुढे पौर्णिमा किंवा अमावास्येपर्यंतचे दिवस सर्वांत चांगले, कारण पाणी सकाळी सात ते दहाच्या दरम्यान चढत असतं आणि उधाण जवळ आल्यामुळे ते काठापर्यंत येतं. अष्टमीच्या सुमारास भांगाचे दिवस असतात, पाण्याला ना धड चढ ना धड उतार, आणि पक्षी मधेच कुठेतरी बसून राहतात.

सकाळ का, तर उजेडासाठी. वाशी, कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली हा सगळा खाडीचा पूर्वकाठ. सकाळी इथे सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर सरळ ऊन पडतं. दुपारी चारनंतर त्याच जागेवरून बघाल तर समोर सूर्य, खाली चकाकणारं पाणी आणि मधे काळ्या आकृत्या. त्यात राखाडी कुठला, काळा कुठला काही कळत नाही, आणि कुरवांची ओळख तर राखाडीच्या छटांवरच चालते. ठाण्याच्या बाजूने, कोपरीच्या मीठबंदराकडून बघणार असाल तर गणित उलटं, तिथे दुपार उतरल्यावर जा. घोडबंदर रोडचे लोक गायमुखच्या चौपाटीवर जाऊ शकतात. तिथे पाणी उत्तरेला असतं, त्यामुळे हिवाळ्यात दिवसभर ऊन बऱ्यापैकी पाठीमागून मिळतं.

जागांपैकी नवख्यांसाठी मी आधी वाशीचं सागर विहार किंवा नेरूळची सारसोळे जेटी सुचवीन, कारण तिथे कुरव माणसांना सरावलेले असतात आणि जवळ येतात. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते. तिची वेळही भरतीवरच ठरते, तेव्हा आधी नोंदणी करूनच जावं. बोटीतले सगळे कॅमेरे फ्लेमिंगोंकडे वळलेले असतात. तुम्ही दुसऱ्या बाजूला बसा, कुरव बोटीच्या मागे येतात. हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ठाणे खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यताही, मिळाली. ड्रोन उडवणं आणि कांदळवनात घुसणं ही कायद्याने अंगाशी येणारी कामं आहेत. गाळात तर उतरूच नका. वरून घट्ट दिसतो, पण पाय मांडीपर्यंत जातो आणि चढतं पाणी कुणासाठी थांबत नाही.

एक गोष्ट आणखी. शेव-गाठी टाकल्या की कुरव डोक्यावर येतात, फोटो छान मिळतात आणि मांडव्याच्या लाँचमध्ये हा खेळ अनेकांनी पाहिलेला असतो. करू नका. तळलेलं, खारट बेसन हे मासे-कोळंबी खाणाऱ्या पक्ष्याचं अन्न नव्हे. आणि तुमच्या स्वार्थाचंच बघायचं तर त्या गोंधळात पक्षी इतक्या वेगाने गिरक्या घेतात की एकाच्याही पंखाचं टोक नीट दिसत नाही. त्यापेक्षा होड्या लागतात आणि मासळी निवडली जाते अशा बंदरात थांबा. तिथे ते आपसूक येतात आणि होडीच्या काठावर शांतपणे बसतातही.

आधी बाकीच्यांना वेगळं काढा

पांढरा-राखाडी दिसणारा प्रत्येक पक्षी कुरव नसतो. सुरय, म्हणजे टर्न, त्यांच्यातच मिसळलेले असतात. सुरयाचं अंग सडसडीत, पंख अरुंद आणि टोकदार, पाय अगदी आखूड, शेपटी बहुतेकदा दुभंगलेली. तो हवेत एका जागी फडफडत थांबतो आणि खाली सूर मारतो. कुरवाचे पंख रुंद, उडणं निवांत, आणि तो पाण्यावर खुशाल तरंगत बसतो. सुरय असा तरंगताना क्वचितच दिसेल.

गोंधळ घालणारा एकच, गल-बिल्ड टर्न. त्याच्या इंग्रजी नावातच कुरवाची चोच आहे. तो फारसा सूर मारत नाही, गाळावरून हळू उडत खेकडे टिपतो, आणि थंडीत त्याच्या डोळ्याभोवतीही काळा डाग असतो. त्याची चोच जाड आणि पूर्ण काळी असते. आपल्या लहान कुरवांची चोच थंडीत लालसर किंवा नारिंगी, फार तर टोकाला काळी. एवढं पाहिलंत की प्रश्न मिटतो. मोठ्या कुरवाएवढा सुरय दिसला आणि त्याची चोच गाजरासारखी लालभडक असेल तर तो कॅस्पियन टर्न, त्याच्याबद्दल शंकेला जागाच नाही.

मग आकार. लहान कुरव अंगाने कावळ्याएवढे, चाळीस सेंटिमीटरच्या आसपास. मोठे कुरव घारीएवढे किंवा त्याहून थोराड. पल्लासच्या कुरवाचे पंख पसरले की दीड मीटरच्याही पुढे जातात. एकटा उडणारा पक्षी लहान की मोठा हे सांगणं भल्याभल्यांना जमत नाही, कारण अंतराचा अंदाज चुकतो. शेजारी दुसरा कोणी येईपर्यंत थांबा. घार, कावळा, बगळा, काहीही चालेल. पंखांची लयही उपयोगी पडते. मोठ्याची फडफड संथ, लहानाची झटपट. हार्बरच्या गाडीत मानखुर्द-वाशी दरम्यान दाराशी न लटकता खिडकीतून बघत गेलात तर या दोन लयी रोज फुकटात पाहायला मिळतात.

पोरं आणि मोठी माणसं

जात ठरवायच्या आधी वय ठरवा. ही पायरी गाळली की पुढचं सगळं बिघडतं.

लहान कुरव दोन वर्षांत प्रौढ दिसायला लागतात. पहिल्या हिवाळ्यातला पक्षी ओळखायचा सोप्या खुणांनी: बंद पंखावर तपकिरी ठिपके आणि पट्टे, शेपटीच्या टोकाला काळी पट्टी, पाय नि चोच मळकट नारिंगी. प्रौढाची पाठ आणि पंख एकसंध फिकट राखाडी, शेपटी स्वच्छ पांढरी, पाय लाल. मोठ्या कुरवांना प्रौढ व्हायला चार वर्षं लागतात आणि मधल्या प्रत्येक वर्षी त्यांचा पिसारा वेगळा असतो. तपकिरी चट्ट्यापट्ट्यांचा मोठा कुरव दिसला तर पहिल्या वर्षी त्याला नुसता नमस्कार करा आणि पुढे जा. युरोपात माणसं आयुष्यभर या पोरांवर वाद घालत बसतात. आपण प्रौढांपासून सुरुवात करावी.

दोन प्रश्न

प्रौढ लहान कुरवांसाठी दोनच प्रश्न विचारायचे. पंखाचं टोक कसं आहे? डोळा कसा आहे? दोन्हींची उत्तरं मिळाली तर तिन्ही जाती सुटतात. माझ्या मते चोचीची लांबी, पायांचा रंग, पाठीची छटा हे सगळं यानंतर.

पंखाचं टोक म्हणजे मनगटापासून पुढचा भाग, जिथे सर्वांत लांब पिसं असतात. काळ्या डोक्याच्या कुरवात या भागाच्या पुढच्या कडेला लांबलचक पांढरी पाचर असते. पाचरीच्या मागच्या कडेला बारीक काळी किनार. उडता पक्षी लांब असला तरी ही पांढरी कडा चमकते. पंख खालून दिसला तर त्या पांढऱ्या कडेच्या लगेच आत धुरकट काळपट भाग दिसतो, आणि हा फरक ढगाळ हवेतही टिकतो.

तपकिरी डोक्याच्यात उलटं. टोक चांगलं रुंद काळं, आणि त्या काळ्यात दोन पांढरे ठिपके. पक्षीनिरीक्षक त्यांना आरसे म्हणतात. काळ्या टोकाच्या आतल्या बाजूला पांढरा पट्टा असतो, त्यामुळे काळं अधिकच उठून दिसतं. खालूनही पंख काळपट आणि त्यात ते ठिपके. एकदा हे पाहिलं की लांबवरून उडणाऱ्या थव्यातूनही तपकिरी डोक्याचे वेगळे काढता येतात. काळ्या टोकाचे पंख हलताना तुटक दिसतात, पांढऱ्या पाचरीचे लखलखतात.

बारीक चोचीच्या कुरवाचं पंख जवळपास हुबेहूब काळ्या डोक्याच्यासारखं, तीच पांढरी पाचर. इथे दुसरा प्रश्न लागतो.

काळ्या डोक्याच्याचा डोळा गडद. पांढऱ्या चेहऱ्यावर काळा मणी, आणि मागे कानाचा काळा ठिपका. तपकिरी डोक्याच्या प्रौढाचा डोळा फिकट, पांढरट-पिवळसर, त्यामुळे त्याचा चेहरा जरा रागीट वाटतो. बारीक चोचीच्याचाही डोळा फिकट. म्हणजे पांढरी पाचर आणि गडद डोळा असेल तर काळ्या डोक्याचा, पांढरी पाचर आणि फिकट डोळा असेल तर बारीक चोचीचा, काळं टोक, आरसे आणि फिकट डोळा असेल तर तपकिरी डोक्याचा. वहीच्या पहिल्या पानावर एवढं लिहून ठेवलंत तरी पहिला हिवाळा निघेल.

हे बघायचं कसं, हा खरा प्रश्न. उडत्या पक्ष्याच्या मागे दुर्बीण फिरवत राहू नका, डोळे दुखतात आणि हाती काही लागत नाही. उतरणारा पक्षी निवडा. कुरव वाऱ्याला तोंड करून उतरतो आणि उतरताना पंख पूर्ण उघडतो. हिवाळ्यात सकाळी वारा बहुतेकदा जमिनीकडून खाडीकडे वाहतो. वाशी-ऐरोलीच्या काठावर उभे असाल तर उतरणारे पक्षी तुमच्याकडे तोंड करूनच येतात. एका खांबावर किंवा होडीच्या टोकावर दुर्बीण रोखून ठेवा आणि तिथे कोण उतरतं ते बघा. कॅमेरा असेल तर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाइतका वेग ठेवून ओळीने फोटो काढा. दहातला एक तरी टोक दाखवतो. दुर्बीण ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरेशी. त्याहून मोठीच्या फंदात पडलात तर हात थरथरतो.

पक्षी बसलेला असेल तर टोकाचा उपयोग कमी होतो, कारण मिटलेल्या पंखाचं टोक तिघांचंही काळंच दिसतं. कधीकधी तपकिरी डोक्याचा एखादा आरसा पलीकडच्या पंखाखालून डोकावतो, पण त्यावर विसंबू नये. तेव्हा डोळा आणि मग चोच. काळ्या डोक्याच्याची चोच बारीक, नाजूक, अंगाने तो थोडा लहान आणि गोल डोक्याचा. तपकिरी डोक्याच्याची चोच जाडसर, टोकाला काळी, डोकं भक्कम. दोघं शेजारी बसले तर फरक पटकन दिसतो, एकटा असेल तर घाई करू नका.

डोळ्याच्या बाबतीत दोन सापळे. सावलीत आणि लांबून फिकट डोळाही काळा दिसतो, म्हणून ‘गडद’ लिहिण्याआधी पक्ष्याने उन्हाकडे मान वळवेपर्यंत थांबा. फिकट दिसला तर मात्र तो फिकटच. दुसरा सापळा पहिल्या हिवाळ्यातल्या तपकिरी डोक्याच्या पोराचा. त्याचा डोळा गडद असतो आणि त्याला आरसेही नसतात. त्याच्या पंखाचं टोक मात्र सलग काळं, आत पांढरा भाग. काळ्या डोक्याच्या पोरात काळ्या-तपकिरी रेघांमधूनही पांढरी पाचर अर्धवट का होईना दिसतेच. म्हणूनच वय आधी.

बारीक चोचीचा

तिघांत मला हा सर्वांत देखणा वाटतो, आणि सर्वांत जास्त वेळा हाच हुकतो. कारण नवखा माणूस त्याला ‘कानाचा ठिपका पुसलेला काळ्या डोक्याचा’ म्हणून सोडून देतो. याचं डोकं बारा महिने पांढरं, विणीतही टोपी नाही. थंडीत कानापाशी फार तर फिकट राखाडी छटा. पण त्याची खरी ओळख चणीत आहे. कपाळ उंच न चढता उतरत उतरत थेट चोचीत मिसळतं, त्यामुळे चेहरा लांबुळका होतो. चोच लांब, गडद लालसर. मान लांब, पायही लांब. पाण्यावर असताना मान ताणून पुढे झुकल्यासारखा पोहतो आणि सारखी चोच बुडवतो. काळ्या डोक्याचा तिथेच मान आखडून फुगून बसलेला असतो.

छातीवर गुलाबी झाक असते असं पुस्तकं सांगतात, आणि ते खरं आहे. पण सूर्य मावळतीला आला की खाडीतला प्रत्येक पांढरा पक्षी गुलाबी होतो. ही खूण फक्त सकाळी साडेआठनंतरच्या स्वच्छ उन्हात ग्राह्य धरावी.

संशय असेल तर एक मोजमाप करा. फोटोत डोळ्यापासून चोचीच्या टोकापर्यंतचं अंतर आणि डोळ्यापासून डोक्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर शेजारी ठेवून बघा. बारीक चोचीच्यात पुढचं अंतर स्पष्टपणे जास्त भरतं.

मोठे

पल्लासचा कुरव इतका मोठा असतो की लहान कुरवांच्या मधे तो बसला की भलताच कोणीतरी आल्यासारखं वाटतं. पेटर सिमॉन पल्लास या जर्मन निसर्गतज्ज्ञाने १७७३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. कपाळ सपाट, चोच लांब आणि जड, म्हणून सगळा भार पुढे असल्यासारखा दिसतो. प्रौढाची चोच पिवळी, तिच्या टोकाजवळ काळा पट्टा आणि लाल रंग, पाय पिवळसर, पाठ फिकट राखाडी. थंडीत डोळ्याच्या मागून मानेपर्यंत काळसर धुरकट डाग असतो. पंखाचं बाहेरचं टोक बरंचसं पांढरं आणि त्यात थोडीच काळी नक्षी.

आणि इथे डोकं एकदाचं कामाला येतं. पल्लासचे कुरव टोपी लवकर चढवतात, जानेवारीतच काहींचं डोकं काळंभोर होतं, डोळ्याच्या वर-खाली पांढऱ्या चंद्रकोरी. मोठा कुरव, काळं डोकं, पिवळी चोच हे तीन एकत्र आले की दुसरा कोणी नाही.

ह्यूग्लिनचा कुरव त्याच्याहून किंचित लहान, पाठ गडद पाटीसारखी राखाडी, चोच पिवळी आणि खालच्या बाजूला लाल ठिपका, पाय पिवळे, थंडीत मानेच्या मागे तपकिरी रेघोट्या. तो येतो रशियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रातून. स्टेप कुरव त्याच्या दक्षिणेचा, पश्चिम सायबेरिया आणि कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातला. त्याची पाठ एक छटा फिकट, डोकं बहुधा अधिक स्वच्छ पांढरं. दोघं एकाच उन्हात शेजारी बसले असतील तर फरक सांगता येतो, एरवी ढग आला की ह्यूग्लिनचा स्टेप होतो आणि ऊन पडलं की परत ह्यूग्लिन. अनुभवी लोक पिसं झडण्याचं वेळापत्रकही बघतात. ह्यूग्लिनची पंखाची टोकाकडची पिसं जानेवारी-फेब्रुवारीतही पूर्ण वाढलेली नसतात, त्यामुळे पंख बोथट दिसतो, स्टेपचं काम त्याआधी उरकलेलं असतं. आता बऱ्याच याद्यांमध्ये दोघांनाही लेसर ब्लॅक-बॅक्ड गल याच जातीखाली ठेवलं आहे. नवख्याने तेवढंच लिहावं आणि सुखाने घरी जावं.

मार्चमध्ये

फेब्रुवारी सरला की लहान कुरवांच्या डोक्यावर रंग चढायला लागतो आणि पुस्तकातलं चित्र खाडीत उतरतं. तरी सावध राहा. अर्धवट टोपीचे पक्षी फसवतात, आणि काळ्या डोक्याच्याची टोपीही प्रत्यक्षात गडद तपकिरीच असते. फरक असा: काळ्या डोक्याच्यात रंग एकसारखा गडद. तपकिरी डोक्याच्यात चेहऱ्याकडे फिकट आणि मागे मानेलगत गडद कड. डोळा आणि पंखाचं टोक या वेळीही तितकंच खरं बोलतात, तेव्हा तीच सवय ठेवा. उन्हाळ्यात लडाखला जाणाऱ्यांना त्सो मोरिरीच्या काठावर तपकिरी डोक्याचे पूर्ण टोपीत दिसतात, कारण तिथल्या उंचावरच्या सरोवरांवर त्यांची वीण होते.

नोंद

प्रत्येक नोंदीत तारीख आणि जागेबरोबर भरतीची स्थिती, उजेड कुठून होता आणि पक्षी प्रौढ होता की नाही हे लिहा. ‘काळ्या डोक्याचा, गडद डोळा दिसला, पंख दिसला नाही’ ही नोंद नुसत्या ‘काळ्या डोक्याचा’पेक्षा दहापट कामाची. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर जात ठरली नाही तर गल स्पीसीज असा पर्याय असतो, तो वापरायला लाजू नका. मोठ्या थव्यातल्या प्रत्येकाला नाव दिलेली यादी दिसली की मला उलट शंका येते. मर्लिनसारखं ॲप फोटोवरून नाव सुचवतं. प्रौढांच्या बाबतीत ते चांगलं मदत करतं, पोरांच्या बाबतीत त्याला विचारायच्या आधी स्वतः वय ठरवा, मग त्याचं उत्तर तपासता येईल.

पायात कडी दिसली तर पाय स्पष्ट येईल असा फोटो घ्या, अक्षरं-आकडे वाचता आले तर उत्तमच. बीएनएचएस म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी पक्ष्यांना कड्या घालते आणि अशा नोंदी त्यांच्याकडे पाठवता येतात.

मे-जूनमध्येही एखाददुसरा कुरव खाडीत रेंगाळलेला दिसतो. तो बहुतेकदा पहिल्या वर्षाचा, अजून विणीला न लागलेला असतो. त्याची पिसं उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने इतकी झिजून विटलेली असतात की पंखाचं टोकसुद्धा तपकिरी-पांढरट चिंध्यांसारखं दिसतं. अशा पक्ष्यावर आरसे शोधत बसू नका. चोचीची जाडी बघा, चण बघा, फोटो ठेवा, आणि यादीत नुसतं ‘कुरव’ लिहा.